जाळीला आंघोळ घालायची नसते

चौघांचं ऑफिस आणि एकच जाळी असली, की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. सोमवारी डबे उघडले की ते आपोआप बाहेर येतात.

माझ्यासाठी हे सगळं सुरू झालं वर्तमानपत्रावरच्या एका डागापासून. आमच्या अकाउंट्सच्या शलाकाताईंनी कागदात गुंडाळलेली जाळी माझ्या टेबलावर ठेवली. कागदातून काहीतरी लालसर झिरपत होतं. मी खुर्चीसकट मागे सरकले आणि किंचाळले, "रक्त!"

रक्त नव्हतं. गंज होता.

चिंचवडमधलं आमचं ऑफिस गाड्यांच्या सुट्या भागांची डिझाइन्स करतं. महिन्यातून एका शनिवारी ऑफिसच्या गच्चीवर कोळशाची शेगडी पेटते आणि वांगी, पनीर, कणसं भाजली जातात. शेगडीवरची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जाळी देशमुख सरांची, म्हणजे आमच्या बॉसची. त्यांच्या वडिलांच्या, अप्पांच्या फाउंड्रीत शेवटच्या दिवशी ओतलेली. फाउंड्री बंद झाली, जाळीचा साचाही गेला. म्हणजे दुसरी मिळणे नाही! तरी सरांचा नियम असा, की पार्टी झाली की आळीपाळीने एकेकाने जाळी घरी न्यायची आणि साफ करून आणायची. "वस्तू हाताळली की जीव लागतो," म्हणतात. माझा तर जीव जातो.

तर शलाकाताई. त्यांनी जाळी साबणाने खसाखसा घासून वर चिंचेच्या पाण्यात भिजत घातली होती. दिवाळीत पितळेची भांडी करतात तशी!

सरांनी डोक्याला हात लावला. "ताई, हिला आंघोळ घातलीत?"

"मग काय, पारोशी ठेवू?"

नंतरची पाळी नितीनदादाची. तो क्वालिटी बघतो आणि गंजाशी त्याचं वैयक्तिक वैर आहे. त्याने चाकणला मित्राच्या शॉपमध्ये नेऊन जाळीला चक्क पावडर कोटिंग करून आणलं! काळीभोर, गुळगुळीत, शोरूममधल्या बाइकसारखी.

"सर, आता गंजाचं नाव नाही!"

कोळसे फुलले, कोटिंगला फोड आले आणि गच्चीभर गॅरेजचा वास सुटला. शलाकाताईंनी पनीरचा तुकडा लांबूनच हुंगला. "नितीन, हे खायचं, की पासिंगला पाठवायचं?"

कोटिंग काढायला जाळी परत चाकणला गेली. वाळूच्या माऱ्याचं ब्लास्टिंग होऊन पांढरीफटक परत आली. सर म्हणाले, "लगेच तेलाचा हात फिरव, नाहीतर पुन्हा गंजेल." दुसऱ्या दिवशी जाळी अशी काही चमकत होती! सरांनी बोट फिरवलं, हुंगलं. "कुठलं तेल लावलंस?"

"एकदम भारी, सर. एक्स्पोर्टच्या मालाला लावतात ते!"

ते जाळून, घासून, पुन्हा खायच्या तेलाचा थर बसवेपर्यंत एक अख्खी पार्टी बुडाली.

सर स्वतः जाळी साफ करतात ते मात्र बघण्यासारखं असतं. जाळी गरम असतानाच तारेचा ब्रश, मग काट्याला टोचलेला अर्धा कांदा तेलात बुडवून एकेका पट्टीवरून सावकाश फिरवणं. एकदा काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, गच्चीवर आल्या आणि बघतच राहिल्या. "घरी चहाचा कप विसळत नाहीत, आणि इथे अभिषेक चाललाय!"

सरांनी मानसुद्धा वर केली नाही. "कपांचे साचे आहेत अजून."

माझी पाळी आली, त्या दिवशी नेमकी चाकणला एका कंपनीत मीटिंग. जाळी माझ्या सॅकमध्ये. आत जाताना कुणी काही विचारलं नाही. निघताना मात्र गेटवरच्या सिक्युरिटीच्या मामांनी सॅक उघडली.

"मटेरियल आत आनलं तवा एन्ट्री न्हाई केली. आता भाईर कसं सोडू?"

"मामा, ही आमची आहे हो! आम्ही हिच्यावर वांगी भाजतो!" माझा आवाज रडवेला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं आणि शांतपणे गेट पास फाडला. त्यावर लिहिलं होतं, 'वांगी भाजायचं टूलिंग. रिटर्नेबल.'

"रिटर्नेबल लिवलंय. परत आनाल तवा वांगी बी आना."

आणि मग तो शुक्रवार. दुसऱ्या दिवशीच्या पार्टीला खुद्द अप्पा येणार होते, आपली शेवटची जाळी बघायला! आणि जाळी होती चिखलीला, आमच्या घरी. सकाळी तिला तेल लावून मी बारीक गॅसवर ठेवली. तापली की तेलाचा थर पक्का बसतो. निघताना आईला म्हटलं, "जरा वेळाने गॅस बंद कर." आणि ऑफिसला आले.

चहा पिताना शलाकाताईंनी सहज विचारलं, "आईंना बजावलंस ना, गरम असताना पाणी नको म्हणून? बीड तडकतं."

मी कप तसाच खाली ठेवला. आमची आई शेवटची भाकरी उतरली, की तापलेल्या तव्यावर तांब्याभर पाणी ओतते. लोखंडी तवा बिचारा सोसतो. पण तो चर्र आवाज झाल्याशिवाय आईचा स्वयंपाक संपतच नाही!

फोन लावला. रिंग जाऊन जाऊन बंद. पुन्हा लावला. तेच. बाबा फर्स्ट शिफ्टला, मोबाइल लॉकरमध्ये. शेजारच्या काकूंचा स्विच्ड ऑफ.

"टेन्शन नको घेऊ," नितीनदादा म्हणाला. "तडकलीच तर वेल्डिंग मारू."

"तू गप रे!" शलाकाताई.

काचेपलीकडे सर फोनवर मोठ्याने बोलत होते, "हो अप्पा, जाळी अगदी सुखरूप आहे! उद्या बघालच!"

मी पुन्हा आईला लावला. या वेळी उचलला.

"अगं, किती रिंगा देशील? हात ओले होते माझे!"