फाटक बंदच असतं

शाळेच्या रस्त्याकडच्या फाटकाला तार मी बांधली. हॉटेलवाल्याच्या माणसांनी नाही, मी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गाव समजतं की मालकानं रातोरात फाटक बंद करवलं आणि माझ्यावर दबाव आणून माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. तीन वर्षं गाव माझी कीव करून राहिलं आहे, आणि मी ती करून घेतो आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक. शाळा अकोट-हिवरखेड रस्त्याला लागून, सातवीपर्यंत. राहायला अकोटात. रस्त्याच्या पलीकडे, शाळेच्या जवळजवळ तोंडासमोर हॉटेल आहे. पुढं चहा-आलुबोंडा, मागच्या खोल्यांत बीअर. मालक माझा वर्गमित्र. त्याचा बीअरचा परवाना जुना, त्या काळी शाळेला रस्त्याकडून फाटक नव्हतं. पुढं पलीकडं वस्ती झाली, तिकडच्या लेकरांना वळसा पडू लागला, म्हणून आम्हीच भिंत फोडून ते बसवलं. मुख्य फाटक पूर्वेला, गावाच्या अंगाला.

मालकाला बीअर बारची परमिट रूम करायची होती. म्हणजे रम, व्हिस्की, सगळंच. परवाना बदलून मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला आणि गावातल्या बाया उठल्या. त्यांच्या पुढं होती आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. बचत गटाची अध्यक्ष. नवरा गवंडी, हाताला सफाई असलेला, पण बीअरनं भागत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा अकोटहून दारू पिऊन यायचा.

"सर, अकोटले जाले यष्टी लागते," ती म्हणायची. "यष्टी चुकली का बिचारा घरीच बसते. दारात दुकान आलं तं चुकाले काय रायते?"

बुद्धविहारात बसून बायांनी सह्या जमवल्या. मोठ्या शेतीवाल्यांच्या घरच्या सुनांनीही केल्या, सासऱ्यांना न विचारता. हरकत अकोल्याला, कलेक्टर कचेरीत गेली.

सगळं अडलं होतं अंतरावर; शाळेपासून ठराविक अंतराच्या आत परवाना मिळत नाही. शाळेच्या फाटकापासून बारच्या दारापर्यंत, माणूस पायी जाईल त्या वाटेनं टेप लावतात. रस्त्याकडचं फाटक धरलं तर अर्ज तिथंच मेला असता. पूर्वेचं धरलं तर शाळेला अख्खी चक्कर, आणि अंतर नियमात आरामात बसत होतं.

एका दुपारी वर्गमित्र शाळेत आला. खुर्ची ओढून बसला.

"अबे मास्तर, थे मांगचं फाटक लेकरायले धोक्याचं नाही काय? टरक कसे धावून राहिले पाय."

"धोक्याचं तं हाये," मी म्हणालो.

"मंग? तुले काय सांगा लागते बे. तू हुशार. तू तं स्टीलच्या गिलासात पेतो."

तो हसला. मीही हसलो.

खरं होतं ते. शाळा सुटली की बसला वेळ असायचा. आठवड्यातून दोन-तीनदा मी त्याच्या मागच्या खोलीत बसत असे. बीअर स्टीलच्या ग्लासात, म्हणजे पडद्याआडून कुणी डोकावलं तर मास्तर पाणी पीत बसलेत. एवढंच तो बोलला, चहा पिऊन गेला. त्यानं धमकावलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. नाही धमकावलं. बाकीचं सगळं माझं मीच केलं.

रविवारी मोटारसायकलवर शाळेत आलो. बांधकामातून उरलेली बाइंडिंग वायर होती, ती फाटकाला पीळ देऊन बांधली. वर बोराटीच्या काट्या रचल्या. सोमवारी लेकरांना सांगितलं, रस्ता धोक्याचा आहे, पूर्वेनं या. मग शाळेच्या लेटरहेडवर लिहिलं की सदर फाटक वर्षभरापासून वापरात नाही, आणि गोल शिक्का मारला.

बुधवारी साहेब आले. परवाने देणाऱ्या खात्याला आमच्याकडे अजून दारूबंदी खातंच म्हणतात. दारूबंदीचे साहेब, तलाठी, टेप धरायला दोन शिपाई आणि बघायला अर्धं गाव. खिचडीवाली बाई चुलीवरून तशीच उठून आली होती, हाताला हळद.

"सायेब, हे फाटक शनवारपर्यंत उघडं होतं. पोट्टे इथूनच येत."

साहेबांनी माझं पत्र वर धरलं. "मुख्याध्यापक तर लिहितात, वर्षभर बंद आहे."

"वर्साची तार अशी चमकते काय? एका पावसाळ्यात माह्या घरची सांडशी गंजली, अन् हे तार पाहा, कोरी करकरीत!"

बाया हसल्या. एक म्हातारी मागून ओरडली, "अवो, तारेनं बी पेली अशीन, म्हून चेहऱ्यावर तेज आलं!" साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी वाकून तारेचा पीळ पाहिला. आणखी दोन मिनिटं ते तसेच वाकून राहिले असते तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि मला वाटतं, मी सुटलो असतो.

पण ती माझ्याकडं वळली. रागानं नव्हे. घरच्या माणसाकडं वळावं तशी.

"सर, तुमीच सांगा ना. आमचे सर खोटं नाही बोलनार, सायेब."

मी हात खिशात घातले. बोराटीचे ओरखडे अजून ताजे होते.

"जुनी तार तुटली होती, ती बदलली," मी म्हणालो. "फाटक बंदच असतं. बाईंचा काहीतरी गैरसमज झाला असावा." गावात मी सगळ्यांशी वऱ्हाडीच बोलतो. त्या दिवशी तपासणीला आलेल्या साहेबांपुढं बोलतात तसा बोललो.

ती खिचडी करपेल म्हणून आत गेली. बायांपैकी कुणी एक म्हणाली, "घ्या! तुमचे सर!" आणि टेप पूर्वेच्या फाटकाकडं गेली.

नंतर कळलं ते असं. मोजणीच्या आदल्या दिवशी बाया लेकरांचे फाटकातून येतानाचे फोटो शोधत होत्या. स्वातंत्र्यदिनाच्या प्रभातफेरीचा एक कुणाच्या तरी मोबाइलमध्ये होता. हिनंच त्यांना थांबवलं. सर हायेत ना तिथं, फोटो कायले पायजे, म्हणाली. त्या एका बोलण्यासाठी बायांनी तिला माफ केलं नाही. महिन्याभरात बचत गटानं अध्यक्ष बदलली.

परमिट रूम झाली. तिचा नवरा आता रोज रस्ता ओलांडतो. ओळंबा धरताना हात थरथरतो म्हणून त्याला प्लास्टरच्या कामावर कुणी बोलावत नाही, नुसता विटा-रेती उचलायला बोलावतात. दुपारी कधीकधी तो आमच्या भिंतीच्या सावलीत निजलेला असतो आणि मी वर्गावरून वर्गावर फिरत राहतो, त्या बाजूच्या खिडकीशी थांबत नाही. त्या हॉटेलात जाणं मी सोडलं. पिणं सोडलं नाही, अकोटात पितो. फाटक अजून बंद आहे. ते उघडायचं तर माझं पत्र खोटं ठरतं. तार आता खरीच गंजली आहे. पलीकडची लेकरं फाटकाखालच्या फटीतून सरपटत येतात आणि मी त्यांना रागावतही नाही.

नियम असा की लेकरांना वाढण्याआधी मुख्याध्यापकानं खिचडी चाखायची आणि रजिस्टरमध्ये चव लिहून सही करायची. म्हणजे रोज, न चुकता, ती माझ्यापुढं ताटली ठेवते. मी दोन घास खातो, 'चव चांगली' लिहितो, ती ताटली उचलते. तीन वर्षं आमचं एवढंच. घास गिळताना मला कधी ती उभी राहिलेली चालत नाही, कधी निघून गेलेली चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस ती ताटली घेऊन निघता निघता थांबली.

"सर, तुमी जेवता जेवता असे घाबरल्यावानी काहून करता?"

"कुठं काय."

"मले समजते ना जी. तुमची नोकरी, तुमाले बी पोरंबाळं हायेत. थ्या लोकायनं दबाव आनला. तुमच्या जागी मी असती तं मी बी तेच म्हनली असती. मनात ठेवू नोका."

ती त्या जागी असती तर तसं म्हणाली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. तार मीच बांधली बाई, दबाव कुणाचा नव्हता. मी म्हणालो, "हो."

साहेबांपुढं जे बोललो त्यापेक्षा हे 'हो' मला जास्त छळतं. तिथं निदान सगळ्यांना ठाऊक होतं की मास्तर खोटं बोलून राहिले. इथं तिनं तिच्याजवळचं होतं नव्हतं ते मला देऊन टाकलं, आणि मी खोट्या नावावर ते घेतलं.

परवान्याचं दरवर्षी नूतनीकरण होतं. तेव्हा हरकत पुन्हा घेता येते, मी चौकशी केली आहे. माझं पत्र खोटं होतं असं मीच लिहून दिलं तर मोजणी पुन्हा होऊ शकते. माझ्यावर कारवाई होईल. वर्गमित्र स्टीलच्या ग्लासाचं गावभर सांगेल. मी दोनदा कागद लिहिला, दोनदा फाडला.

मी त्या बाईचं देणं लागतो. कुणाचा दबाव नव्हता, तार माझ्या हातानं बांधली, हे तिला तोंडावर सांगायचं आहे. नंतर तेच सही-शिक्क्यानिशी अकोल्याला लिहून द्यायचं आहे. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.