म्हशीच्या गळ्यातलं घड्याळ

गेल्या वर्षी आबांना भाताच्या खाचरात चक्कर आली. बांधाच्या आडोशाला पडून राहिले. शेजारची मावशी सरपणासाठी त्या बाजूला गेली म्हणून सापडले, नाहीतर मी इकडे सोमाटण्यात फोन लावत बसले असते आणि माझे वडील तिकडे गावी, औंढ्यात, तसेच पडून राहिले असते. पुन्हा असं झालं तर वेळेत कळायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं. आई गेल्यापासून आबा एकटेच. माझ्याकडे राहायला या म्हटलं की त्यांना म्हैस आठवते. म्हणून मग वेळेत कळायची सोय मीच केली.

सोय म्हणजे मनगटावरचं घड्याळ. आबा कुठे आहेत ते त्याच्यामुळे माझ्या मोबाइलवर नकाशात दिसायचं, हिरव्या ठिपक्याच्या रूपात. ऑफिसात मी मोबाइल कॉम्प्युटरला टेकवून उभा ठेवायची. ठिपका गोठ्यात, ठिपका खाचरात, ठिपका देवळात. ठिपका थांबला की मी फोन लावायची. का थांबलात? पाणी पितोय. आता काय झालं? बसलोय जरा. आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत चिखलाचे हात धोतराला पुसून ते फोन उचलायचे आणि मी विचारायची, गोळी घेतली ना? त्यांचा आवाज दिवसेंदिवस तुटक होत गेला. मला तो अशक्तपणा वाटला, म्हणून मी आणखी फोन करायला लागले.

पुढे पुढे आबा फोन उचलेनासे झाले. मी वैतागले, पण ठिपका मात्र मजेत हिंडत होता. सकाळी माळावर, दुपारी पार वरच्या रानात. म्हाताऱ्याने तब्येत चांगली धरली, असं मी ऑफिसात कौतुकाने सांगितलंसुद्धा.

एका दुपारी ठिपका तळ्यात गेला. काठाला नाही, आत, निळ्या रंगाच्या मधोमध, आणि तिथेच थांबला. आबांना फोन लावला, मावशीला लावला. कुणी उचलला नाही. साहेबांना काय सांगून निघाले ते मला आजही आठवत नाही. जुन्या हायवेने स्कूटर हाणली. वलवणपासून पुढे फिरायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती, माणसं गाडीतून हात बाहेर काढून धुक्याचे फोटो काढत होती, आणि मी हेल्मेटच्या आत रडत होते. मधूनमधून कडेला थांबून नकाशा बघायची. ठिपका हलला नव्हता.

आबा तळ्याच्या काठावर जांभळीखाली तंबाखू मळत बसले होते. पाण्यात म्हैस डुंबत होती. तिच्या गळ्यात, घंटेच्या शेजारी, सुतळीने घट्ट बांधलेलं माझं घड्याळ होतं.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं. घड्याळ रोज रात्री ते आठवणीने चार्जिंगला लावत होते आणि सकाळी पुन्हा म्हशीला बांधत होते. मला बरं वाटावं म्हणून.

"गुरं कुटं गेली ते कळावं म्हनून गळ्यात बांधत्यात," ते म्हणाले. "म्हनलं, ही चीज तिचीच हाय. मी बांधावर टेकलो की वाटायचं, आता फोन वाजंल. मला सुखानं बसाया न्हाई मिळत, पोरी."

"आबा, पण तुम्हाला काही झालं तर मला कळणार कसं?"

त्यांनी मळलेली तंबाखू गालात धरली.

"न्हाई कळायचं. तुजी आई गेली तवा मी तिच्या शेजारी च्या पीत बसलो व्हतो. मला तरी कुटं कळलं?"



घड्याळ घेऊन मी परत आले. आबांचा फोन आता दिवसभर बंद असतो, भाताच्या कणगीवर ठेवलेला. दिवेलागणीला ते तो चालू करतात, मला एक फोन करतात, पाऊसपाण्याचं सांगतात आणि पुन्हा बंद करतात. नकाशा मी मोबाइलमधून काढून टाकला. फोन बाजूला ठेवला की मन शांत होतं, असं हल्ली सगळे सांगतात. ज्यांचं माणूस लांब एकटं राहत नाही, त्यांचं होत असेल. माझा हात अजून मोबाइलवर नकाशाच्या त्या रिकाम्या जागेवर जातो आणि मी स्वतःवरच चिडते.

निघताना मी त्यांना विचारलं होतं, एखाद्या दिवशी फोन आला नाही तर मी काय करायचं?

"समजायचं, आबा लवकर निजला," ते म्हणाले.

कधीकधी फोन येत नाही. मी तसं समजते. सकाळी मावशीला विचारते, ती म्हणते, चुलीचा धूर दिसतोय, आणि मग मी ऑफिसला जाते. एका संध्याकाळी ते खरंच निजतील, आणि त्याही संध्याकाळी मी, आबा लवकर निजले असं समजून, इथे पोळ्या लाटत असेन.