दुसरीच्या मांडवातले माझे हत्ती

माझ्या रुखवतातला पडदा मांडलेला मी पाहिला तो माझ्या लग्नात नव्हे, माझ्या होणाऱ्या नणंदेच्या लग्नात. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते. आणि ती विझावी असं मला मुळीच वाटत नाही.

आमचं घर म्हैसूरला, राजवाड्याच्या पागेमागच्या गल्लीत. खापरपणजोबा कधीकाळी घोड्यावर बसून इकडे आले ते इथलेच झाले. आप्पा राजवाड्याच्या घोडदळात जमादार. घरात मराठी, दाराबाहेर कानडी आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. आम्हा मराठ्यांची शहरात इनमिन वीस-पंचवीस घरं, सगळी एकमेकांची सोयरी. सण इकडचे झाले, जेवण इकडचं झालं, पण रुखवत कुणी सोडलं नाही. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू लग्नात मांडायच्या आणि वरपक्षाच्या बायकांनी त्या उलट्यासुलट्या करून बघायच्या. कानडी शेजारणींत ही पद्धत नाही, म्हणून त्याही मुद्दाम बघायला येत. त्या काळात मुलीला विचारून काही होत नसे. नवरा दुसऱ्यांनी बघायचा, मुहूर्त दुसऱ्यांनी काढायचा, शालूचा रंगसुद्धा दुसऱ्यांनी ठरवायचा. तिचं म्हणून लग्नात काय असेल तर तेवढं रुखवत.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासर चामराजपुरमला, तेही आमच्यातलंच घर. सुपारी फुटली त्या दिवसापासून मी पडदा भरायला घेतला. पाच हात लांब गडद निळं कापड आणि त्यावर दसऱ्याची जंबुसवारी, राजाच्या हत्तींची मिरवणूक. लहानपणापासून दर दसऱ्याला ती आप्पांच्या पथकाजवळ उभी राहून बघत आले होते. कुठला हत्ती सोंड कशी वळवतो हे मला पाठ होतं. सात हत्ती काढले. राखाडी रेशीम कुठे मिळेना, म्हणून विणकराकडून पांढऱ्या रेशमाचे तुकडे आणले आणि शाईच्या पाण्यात बुडवून वाळवले. शाई कमीजास्त झाली, म्हणून प्रत्येक हत्तीचा रंग थोडा वेगळा आला, आणि खरे हत्ती असतातच तसे. सातव्या हत्तीच्या झुलीला लाल रेशीम कमी पडलं तेव्हा आप्पांनी आपला जुना फेटा काढून दिला. "उसव याच्यातलं," म्हणाले. आठ महिने लागले मला.

आणखी एक सांगायला हवं. मी डावखुरी. आमच्या घरी राहणारी आत्या, म्हणजे आप्पांची विधवा बहीण, माझा डावा हात लहानपणी फडक्यानं कमरेला बांधून ठेवायची. जेवण उजव्या हातावर आलं, पाटीवरची अक्षरं उजव्या हातावर आली, पण सुई काही आली नाही. उजव्या हातात सुई घेतली की ती मलाच टोचायची. शेवटी आत्यानं हात टेकले. त्यामुळे माझे टाके चारचौघींच्या उलट अंगाला कलतात. साऱ्या बायकांचे टाके एकीकडे झुकलेले, माझे दुसरीकडे. सुलट बाजूनं चटकन कळत नाही, पण कापड पालथं केलं की लपत नाही.

सासूबाईंना हे सुपारीच्या दिवशीच कळलं होतं. बायकांच्या घोळक्यात त्यांनी मला ऐकवलं, "आमच्या घरात डाव्या हाताचं काही चालायचं नाही हं. अपशकुन असतो तो." मी मान खाली घातली. घालायचीच असते.

चैत्रात त्या आमच्याकडे आल्या. पडदा बघितला, पुन्हा बघितला, सोंडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस नेते गं. जावांना दाखवते नि परत धाडते." आईनं मोठ्या कौतुकानं घडी घालून दिला. दोन दिवसांचे दहा झाले, दहाचा महिना झाला. आई निरोप पाठवायची, तिकडून उत्तर यायचं, "आहे की, कुठं जातोय?"

वैशाखात नणंदेचं लग्न होतं. तिला बंगळूरचं घर मिळालं होतं, चांगलं खातंपितं. ठरलेल्या मुलीनं सासरच्या मांडवात जायचं नसतं, पण नणंद आईच्याही नात्यातली, म्हणून मला नेलं. रुखवताच्या खोलीत पाय टाकला आणि समोर भिंतीवर माझे सात हत्ती! बंगळूरच्या बायका भोवती जमलेल्या. आणि सासूबाई, तोंडभर हसत, "काय सांगू विहीणबाई, पोरीनं आठ महिने डोळे फोडले हो."

आठ महिने! हिशोबसुद्धा माझाच उचलला. निदान सहा तरी म्हणायचं!

मी तोंड उघडणार तोच आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वण राहिला. "सुम्ने इरु," ती कुजबुजली. गप्प राहा म्हणायचं असलं की आमच्यात कानडीच तोंडात येतं; मराठीत सांगितलं असतं तर बहुधा मी ऐकलं नसतं. नवरी पाटावर बसली होती. पंधरा वर्षांची पोर. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान इतकी खाली घातली की मुंडावळ्या मांडीला लागल्या. सातव्या हत्तीच्या पाठीवर आप्पांचा फेटा होता, आणि आप्पा बाहेर मांडवात पाहुण्यांना पानसुपारी देत होते.

घरी आल्यावर मी भांडी आपटली, जेवले नाही, वाट्टेल ते बोलले. "चोरी आहे ही सरळसरळ," मी म्हटलं. "तुम्ही जाऊन मागा."

आप्पा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. "मागितलं तर दोन लग्नं मोडतील," म्हणाले. "तुझं आणि त्या पोरीचं. वीस घरांत मग तोंड कुणाला दाखवायचं? महिना आहे अजून. एखादा लहानसा भर दुसरा."

आत्याही त्यांचीच री ओढायला लागली, "हात तुझाच आहे ना? हात कुणी नेलाय का?" अय्यो, काय ते शहाणपण! हात माझा, आणि नाव दुसरीचं. राजाच्या फौजेत तलवार चालवलेल्यांच्या घरात एक माणूस उठून माझा पडदा मागायला तयार नव्हता. मी सांगून टाकलं, लग्न करते, पण रुखवतासाठी एक टाका घालणार नाही. आईनं गयावया केली, आत्यानं शाप दिले. मी सुया डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला.

ज्येष्ठात माझं लग्न लागलं. रुखवताच्या पाटांवर आईनं लाडू, करंज्या, सांडगे, तिनं स्वतः केलेली मण्यांची दोन तोरणं असं काहीबाही मांडलं. मी खोलीच्या दाराशीच गौरीहरापुढे बसले होते, हातात तांदूळ, अंगावर पिवळी साडी, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. बंगळूरची विहीण आली होती, नणंदेची सासू. उंच, सुकी, जाड भिंगांचा चष्मा लावणारी बाई. तिनं विचारलं, "नवरीच्या हातचं काहीच दिसत नाही हो?"

सासूबाई म्हणाल्या, "काय करणार विहीणबाई. पोरगी डावखुरी आहे. सुई धरता येत नाही बिचारीला. पण आम्ही म्हटलं, असू दे, पदरात घेऊ."

पदरात घेऊ म्हणे! माझ्या हातातले तांदूळ मी इतके आवळले की नखं तळव्यात रुतली. चोरांच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. पण चोरानं ज्याचं नेलं त्यालाच भिकारी म्हणून दया दाखवावी, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आणि नेमका त्याच वेळी भटजींनी आरडाओरडा सुरू केला. अंतरपाटाची घडी उलगडताना काठ खिळ्याला अडकून वीतभर फाटला होता. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. दुसरं धूतवस्त्र कुठे आहे ते कुणाला आठवेना. मी उठले, आत्याच्या कनवटीची सुई मागितली, अंतरपाट मांडीवर ओढला आणि डाव्या हातानं शिवायला बसले. "अगं, लग्नाच्या दिवशी सुई? आणि तीही डाव्या हातानं?" आत्यानं कपाळावर हात मारला. मी कुणाकडे बघितलं नाही. फाटलेलं शिवून झालं, तरी दोरा उरला होता. मला राहवलं नाही. कोपऱ्यात सहा-सात टाक्यांत एक वळलेली सोंड काढली.

मान वर केली तर बंगळूरची विहीण समोर उभी. तिनं वाकून अंतरपाटाचा कोपरा उचलला, पालथा केला, चष्मा नाकावर सरकवला.

"टाका उलटा कलतोय," ती म्हणाली. "आमच्या घरी पडदा आहे, त्यातही असाच कलतो. सोंडही हीच."

सासूबाईंच्या चेहऱ्याचा रंग माझ्या शाईत बुडवलेल्या रेशमासारखा झाला. आता सांगते, मी मनात म्हटलं. आता सगळ्यांसमोर सांगते.

पण विहीण माझ्याकडे बघतच नव्हती. ती वळली आपल्या सुनेकडे. "तूही डावखुरी आहेस का गं?"

नणंद दाराला टेकून उभी होती. महिनाभराचं सासर, आणि त्या भिंगांखाली अख्खा जन्म काढायचा. तिच्या आईनं पडदा मांडला तेव्हा तिला कुणी विचारलं होतं? जसं मला कुणी विचारलं नाही तसंच. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. होय.

मी बोलायचं ते गिळलं. आजही सांगते, मोठ्या मनानं वगैरे मुळीच नाही गिळलं. कडू औषध गिळतात तसं, नाक दाबून. ती पोर नसती, सासूबाई एकट्याच असत्या, तर मी त्यांना त्या मांडवातून उठू दिलं नसतं. नवरदेव चार हातांवर उभे राहून सगळं ऐकत होते आणि त्यांनी तोंड उघडलं नाही, तेही मी विसरलेले नाही.

"बरं झालं," विहीण म्हणाली. "दसऱ्याला गोंबे मांडतो आम्ही, बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या असतात. त्यांच्यामागे असाच दुसरा पडदा हवा. माझ्या डोळ्यांसमोर भर. मला बघायचंय हात कसा चालतो तो."

मग अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, आणि माझ्या नि नवऱ्याच्या मध्ये ती सोंड लोंबकळत होती.

आषाढात नव्या सुनेनं सासरी राहायचं नाही. मी माहेरी पागेमागच्या गल्लीत आले, नणंद बंगळूरहून चामराजपुरमला आली. ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई तिला घेऊन आमच्या दारात हजर. आईनं पाट मांडले, कॉफी केली. सासूबाईंनी पेला दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. शेवटी म्हणाल्या, "सूनबाई, एवढा दुसरा पडदा तू भरून दे. तिथं जाऊन ही नुसती सुई हलवेल."

"सासूबाई, विहीणबाई समोर बसून बघणार आहेत," मी म्हटलं. "चार टाक्यांत कळेल."

"मग हिला शिकव."

"शिकवते. पण मला उजव्या हाताचं येत नाही. आणि तसं भरून चालणारही नाही. टाका पहिल्या पडद्यासारखाच कलायला हवा."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आत्या आतून ऐकत होती. तिला आधी कळलं, कारण स्वयंपाकघरातून पळी पडल्याचा आवाज आला. ज्या बाईनं डाव्या हाताला अपशकुनी म्हटलं, मला लुळी ठरवून पदरात घेतलं, तिच्या सरळ हाताच्या लेकीला आता जन्मभर डावखुरी म्हणून नांदायचं होतं. मला आनंद झाला का? झाला. आणि लगेच त्या पोरीकडे बघून त्याची लाजही वाटली. पण राग मात्र गेला नाही, कारण पडदा बंगळूरलाच राहिला. आजही तो तिथं दर दसऱ्याला लावतात, येणारेजाणारे नणंदेचं कौतुक करतात, आणि सातव्या हत्तीवर माझ्या बापाचा फेटा आहे हे तिथं कुणालाच ठाऊक नाही.

मी माळ्यावरचा डबा काढला. जुन्या धोतराचा तुकडा घेतला, त्यावर कोळशानं हत्ती काढला. नणंद माझ्या शेजारी येऊन बसली. "वहिनी, माझ्यावर रागावलीस?" तिनं अगदी हळू विचारलं.

"वन्सं, तुमच्यावर नाही," मी म्हटलं, आणि सुई नि दोरा सासूबाईंच्या पुढे केला. "ओवून तुम्हीच द्या त्यांच्या हातात."

त्यांनी दोरा ओवला, गाठ मारली आणि सवयीनं सुई लेकीच्या उजव्या हातात ठेवली.

"तो नव्हे, सासूबाई," मी म्हटलं. "दुसरा हात."