पंधरांतून तेरांत

हॅम्बर्गला आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे इंग्रज गृहस्थ राहत. तरुणपणी ते रग्बी खेळत. रग्बीचे दोन प्रकार आहेत: पंधरा खेळाडूंचा, जो तेव्हा हौसेनेच खेळायचा, आणि तेरांचा, पैसे घेऊन खेळायचा. हे गृहस्थ दोन्हींत देशाकडून खेळले. मात्र तेरांत गेल्यावर जुन्या क्लबने त्यांना दारात उभं केलं नाही.

पुण्याहून माझे सासरे, अप्पा, आले होते. एकदा म्हातारे चहाला आले, तेव्हा मी हे अप्पांना मराठीत सांगितलं.

"म्हणजे वाळीत टाकलं," अप्पा म्हणाले.

मी म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ जर्मनमध्ये समजावला: बोलायचं नाही, सोबत जेवायचं नाही.

"गेनाऊ! अगदी तसंच!" म्हातारे म्हणाले. आता त्याच क्लबने त्यांना सत्काराला बोलावलं होतं आणि जावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"सूनबाई, विचार त्यांना, जेवायला बसवणार आहेत का? नुसता हार घालून वाटेला लावणार असतील तर कशाला जायचं?"

म्हाताऱ्यांनी तिथूनच क्लबला फोन लावला. जेवण होतं, पण फक्त सभासदांसाठी.

"मग मी सभासद आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

विचारून सांगतो, असं उत्तर आलं. आठवड्याने होकार आला आणि ते गेले.

म्हातारे परतल्यावर अप्पांनी सत्काराची चौकशी केली नाही. "शेजारी कोण बसलं होतं, ते विचार," म्हणाले.

"मी गेल्यावर संघात माझ्या जागी आलेला," म्हातारे म्हणाले. "फार बोलतो."