खिडकीचा पट्टा

आधीच सांगून टाकते, असले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणूनच वाचत आले. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे "हे असं का झालं?" याचं कारण शोधण्याचाच मला पगार मिळतो. भुतंखेतं, चकवे... विश्वास शून्य. आणि आज मीच लिहायला बसलेय!

माझा छंद म्हणजे जुन्या गाड्यांचा शोध. त्याही सगळ्या नाहीत. साठच्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावर सुसाट पळवण्यासाठी, थेट कारखान्यातच बनवलेल्या. वजन घटवायला रेडिओ, हीटर, मागची सीट, सगळं गायब. काहींना तर काच वर-खाली करायचं हँडलसुद्धा नसतं, नुसता पट्टा. ओढला की काच वर, सोडला की दाराच्या पोटात खाली. अशा गाड्या मोजक्याच निघाल्या, नकला मात्र ढिगाने.

हे वेड लागलं ते बाबांमुळे. माझा जन्म शारजातला. त्या दिवशी बाबा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, अल धैदजवळच्या साइटवर होते – तिथे ते स्टोअरकीपर. हॉस्पिटलमधून फोन आला आणि नेमकी पिकअप बाहेर गेलेली! गावाहून परतलेल्या सहकाऱ्याने तेव्हाच आजीने पाठवलेलं बाळाचं दुपटं हातात दिलं होतं, तिच्या जुन्या मऊ लुगड्याचं. ते काखोटीला मारून बाबा भर दुपारी रस्त्यावर उभे राहिले. एक गाडी थांबली. आत हँडल नाही, रेडिओ नाही. ऊन लागत होतं म्हणून बाबांनी दुपटं खिडकीत पसरलं आणि पट्टा ओढून काचेत अडकवलं. गाडी अशी सुटली की बाबा माझ्याआधी हॉस्पिटलात हजर! फक्त दुपटं गाडीतच राहिलं.

आईचा यावर कधीच विश्वास बसला नाही. "इतक्या लवकर कुणी येतं का तिथून? इथे शारजातच मित्रांकडे पत्ते कुटत बसला असणार, आणि दुपटंही तिथेच विसरलात." हसत म्हणायची, पण पाहुण्यांसमोर म्हणायची. बाबांचा चेहरा उतरायचा, आणि मला फार वाईट वाटायचं. आता ते दोघं कायमचे चिपळूणला निघाले होते. मला काहीही करून त्याआधी बाबांना ती गाडी, निदान तशी एखादी तरी, दाखवायची होती.

आणि सापडली! ऑफिसात लंचला अल धैदच्या एका विकाऊ शेतघराच्या जाहिरातीतले फोटो चाळत होते (विकत घ्यायला नाही हो, एवढा पगार नाही). खजुराच्या क्रेट्समागे बॉनेटवरचा एक भलामोठा उंचवटा दिसला, असल्या गाड्यांची खूणच ती. फोटो मोठा केला, आणि मी खुर्चीतून अक्षरशः उडालेच.

शनिवारी सकाळी बाबांना घेऊन निघाले. शेतघराचे मालक अबू सईद, पिकली दाढी, अगदी मायाळू माणूस. गहवा म्हणजे अरबी कॉफी आणि खजूर झाल्याशिवाय शेडकडे नेईनात. मी आपली चुळबुळ करतेय. शेवटी क्रेट्स हलवले. पातळ काचा – आहेत! हीटरची जागा कोरी! बॅटरी मागे डिकीत! चॅसिस नंबर बघितला... अस्सल. चक्क अस्सल! मी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होते.

मग बॉनेट उघडलं. आत काहीच नव्हतं.

"इंजिन?" मी विचारलं.

"इंजिन कभी था ही नहीं, बेटी," अबू सईद म्हणाले. "मेरा बडा भाई अमरीका से ऐसे ही लाया, खाली बॉडी. इंजिन बाद में आने का था. उस से पहले वो गुजर गया. तब से इधर ही खडी है."

"कब की बात है?"

"तुम पैदा भी नहीं हुई थी."

बाबांचा चेहरा पुन्हा तसाच उतरला. "मग ही नसेल गं. माझीच काहीतरी चूक झाली असेल."

"चालवणारा कसा दिसत होता, बाबा? आठवा ना!"

"अगं, बघतोय कोण त्याच्याकडे? मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो!"

एवढं बोलून ते हळूच आत जाऊन बसले. न बघता त्यांचा हात दाराकडे गेला आणि पट्टा धरला. ओढला. काच अडकलेली. जोर लावला, तशी वाळू करकरली आणि काच वर आली... कडेला चिकटलेलं एक फडकं घेऊन. मळकं, जांभळं, मोरपंखी काठाचं. बाबांनी ते गालाला लावलं आणि त्यांना रडूच फुटलं.

अबू सईदनी फडक्याचा काठ बोटांनी चाचपून बघितला. "ये हमारे घर का नहीं," ते म्हणाले. "ले जाओ."

घरी आई बॅगा भरत होती. आम्ही दुपटं तिच्यासमोर ठेवलं. तिने भरलेली बॅग पुन्हा उपसली आणि तळातून माझं टोपडं काढलं. आजीने त्याच लुगड्याचं शिवलेलं हे टोपडं आधीच्या पार्सलमध्ये आलं होतं. तिने दोन्ही शेजारी ठेवली. तोच काठ, तोच टाका.

"अहो," आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरंच तिथून आला होतात."



ते दोघं आता चिपळूणला पोचलेत. दुपटं हातातल्या बॅगेतून गेलं. मी मात्र अजून कारण शोधतेय. तशीच दुसरी गाडी होती म्हणावं, तर दुपटं या दारात कसं आलं? हीच होती म्हणावं, तर धावली कशावर? परवा फोनवर बाबांना पुन्हा छेडलं, तर खो-खो हसत म्हणाले, "तुझ्याआधी पोचवलं ना मला? मग खलास!"