गोवंडीचा म्हातारा

नवऱ्याला मी जन्मभर अहोजाहो केलं. इथे लिहिताना मात्र त्याला 'तो' म्हणणार आहे. या गोष्टीत त्याने जे केलं त्याला अहो शोभत नाही.

गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहत होतो. नवरा गिरणीत वायरमन होता. हातात कसब होतं, पण काम द्यायला कोणी नव्हतं. त्या वर्षांत मांडववाले आपले जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर टाकून ट्रान्झिस्टरचे घेत होते. व्हॉल्व्हचा डबा धोंड्यासारखा जड, तापणारा, आतले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह फुटणारे. कोण वाहणार? नवरा ते डबे भंगारातून उचलून आणायचा, पुसायचा, जळलेलं काढून नवं घालायचा आणि पुन्हा बोलते करायचा. मुलुंड-बोरिवलीकडे काही शौकीन लोक होते. त्यांना घरी गाणं ऐकायला तोच आवाज हवा असायचा.

डब्यातल्या सगळ्या वस्तू बाजारात मिळायच्या, एक सोडून. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो. आवाज चांगला की वाईट हे त्याच्यावर ठरतं. मांडवात कर्णे ओरडवून ओरडवून तो बहुतेक डब्यांत जळलेला असायचा. बाजारातला तयार बसवला तर डबा बोलायचा, पण सर्दी झाल्यासारखा. म्हणून नवऱ्याने फळीवर हँडलचं एक यंत्र बसवलं आणि घरीच तार गुंडाळायला घेतली. केसासारखी बारीक तांब्याची तार, तिचे हजारो वेढे. त्याचा धीर तीनशे-चारशेतच संपायचा. मग तार तुटायची, मग शिवी. एकदा तो बिडी ओढायला बाहेर गेला आणि मी हँडलवर बसले. मग मीच बसत गेले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मोजायला चौथी पुरते. शंभर वेढे झाले की वाटीत एक चिंचोका टाकायचा. एक थर झाला की वर पातळ कागद, मग पुढचा थर. हँडल फिरत असताना मी कोणाला ओ देत नसे. दारात पोस्टमन आला तरी नाही, नवऱ्याने हाक मारली तरी नाही. शंभर पुरे झाल्यावरच मान वर. संसारात नवऱ्याला उत्तर न द्यायची मुभा मला तेवढीच होती, आणि ती मला आवडायची.

एकदा परदेशी बनावटीचा एक जळका ट्रान्सफॉर्मर आला. नवरा तो फेकणार होता. मी तीन दुपारी बसून तो उलटा उकलला, थर न् थर. ट्रान्सफॉर्मरात बारीक तारेबरोबर एक जाड तारही असते; आम्ही जाड सगळी खाली आणि बारीक सगळी वर गुंडाळत होतो. त्या लोकांनी दोन्हींचे तुकडे करून एकात एक घातले होते, वाकळीत जुन्या साडीचे थर घालतात तसे. ते मी वहीत आकडे टाकून लिहून ठेवलं आणि पुढचा तसाच केला. मेणात बुडवला, पत्र्यावर वाळवला, नवऱ्याने बसवला. डबा चालू केला आणि भजनातले टाळ ऐकून नवरा म्हणाला, "आयला!" मला तेवढं पुरलं.

दोन वर्षं असं चाललं. मग एका रविवारी नवरा नळाच्या भांडणात खाली गेला असताना मुलुंडचे डॉक्टर आले. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, कानाचे पक्के. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"वहिनी, हे त्यांना द्या. तुमच्या गोवंडीच्या म्हाताऱ्याला."

"कोणाला?"

"जे गुंडाळून देतात ना, ते. त्यांना सांगा, आधी टाळ पत्र्यासारखा वाजायचा, आता टाळासारखा वाजतो. एक डोळा अधू, त्यात हे बारीक काम, कमाल आहे हो! मी कितीदा म्हटलं मला भेटवा, तर हे म्हणतात म्हातारा तिरसट आहे, माणसं आलेली चालत नाहीत."

माझी बोटं तेव्हा मेणाने चिकट होती. मी ती पदराखाली घेतली. का घेतली, अजून कळत नाही. झाकायचं त्याने होतं.

नवरा वर आला. डॉक्टर गेल्यावर मी पुडा त्याच्यासमोर ठेवला.

"गोवंडीला जाऊन या. म्हाताऱ्याला पेढे आलेत."

तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला. "अगं, धंद्यात बोलावं लागतं असं. बायको गुंडाळते म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणेल, भाजी निवडता निवडता केलंय."

"ऐकल्यावर म्हणेल?"

"ऐकायच्या आधी म्हणेल ना!"

"आणि डोळा कशाला अधू केलात त्याचा?"

"ते आपलं... विचारत होते, भेटू या, भेटू या. काहीतरी सांगावं लागतं."

"कधीपासून आहे हा?"

तो पुड्याची दोरी सोडायला लागला. म्हणजे मी हँडलवर बसले तेव्हापासून. माझ्या प्रत्येक चिंचोक्याबरोबर हा माणूस गोवंडीत मोठा होत होता आणि मला पत्ता नव्हता. पेढे मीच खाल्ले. माझेच होते.

मी त्याला म्हटलं, "जगाला काय सांगायचं ते सांगा. एका डॉक्टरांना खरं सांगा. त्यांना कळतं."

"सांगतो."

"कधी?"

"पुढच्या रविवारी दुसरा डबा न्यायला येतायत, तेव्हा. गळ्याशपथ." शपथ मी मागितली नव्हती, त्याने आपणहून घेतली.

शेजारीण माझी मैत्रीण, घाटावरची, जिभेची तिखट. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरंय की गं! तुझा म्हातारा तरी काम करतो. माझा नुसता खातो." मग म्हणाली, "तो नाही सांगणार, बघ तू." मी तिच्यावर चिडले. माझा नवरा बढाईखोर होता, पण शपथ मोडणारा नाही असं मला वाटत होतं.

रविवारी मी लुगडं बदललं. त्याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टर आले. नवऱ्याने डबा चालू केला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प बसले. मग गाणं लागलं. डॉक्टरांनी डोळे मिटून पुरं ऐकलं आणि उठले. "आज मी तुमचं काही ऐकणार नाही. गाडी खाली उभी आहे. चला गोवंडीला."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि उभी राहिले.

"डॉक्टर, कसं सांगू तुम्हाला," तो म्हणाला, "म्हातारा गेला."

"गेला? कुठे?"

"वारला. मंगळवारी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरेरे. घरी कोण होतं त्यांच्या?"

"कोणी नाही. एकटाच होता बिचारा." नवऱ्याचा आवाज खरोखर ओला झाला होता. "हा त्याच्या हातचा शेवटचा."

डॉक्टरांनी डब्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले, मयताच्या घरी राहतात तसे. मग विचारलं, "आता पुढे?"

"बघून बघून मीही शिकलोय थोडं. करीन मीच."

मी का बोलले नाही, असं शेजारणीने मला नंतर दहा वेळा विचारलं. मी बोलले असते तर ती बायकोची कटकट झाली असती. मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याला काही किंमत नव्हती, माझ्यासुद्धा.

सोमवारी त्याने रीळ माझ्यापुढे ठेवलं. "बोरिवलीवाल्याचं द्यायचंय."

"सुतक आहे."

"कसलं?"

"घरातलं माणूस गेलं ना मंगळवारी."

त्याला वाटलं मी थट्टा करते. मी दहा दिवस यंत्राला हात लावला नाही. शेजारीण दारात येऊन मोठ्याने विचारायची, "काय गं, कोण गेलं?" मी म्हणायची, "गोवंडीचा म्हातारा." "तुझा कोण लागायचा?" "जवळचा." ती पदर तोंडात कोंबून पळायची. नवरा आत डब्यात डोकं घालून बसायचा.

अकराव्या दिवशी तो म्हणाला, "फिटलं ना सुतक?"

"फिटलं. म्हातारा परत आला का?"

मग तो स्वतः बसला. माझी वही घेतली, आकडे तेच, तार तीच. पण त्याला मधेच उठायची सवय, कोणी हाक मारली की ओ द्यायची सवय. वेढे चुकले, थर ढिले पडले. बोरिवलीचा डबा घरघर करत परत आला. पुढे डॉक्टरांनीही एक परत आणला. "म्हाताऱ्याची सर नाही," एवढंच म्हणाले. माझ्या नवऱ्याने ते मान खाली घालून ऐकलं.

त्या दिवशी तो पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "एकच करून दे."

"देते. दहा देते. आधी मुलुंडला जाऊन सांगा."

"आता कसं सांगू? मेला म्हणून सांगितलंय."

"मी नाही मारला."

तो आठवडाभर विचार करत होता, मला दिसत होतं. दोनदा चपला घालून दारापर्यंत गेला. मग एका सकाळी त्याने उरलेले डबे एकेक करून भंगारवाल्याला परत नेऊन दिले आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. वायरमनचा हात असलेला माणूस फाटक उघडायला आणि लावायला बसला. चाळीतले म्हणाले, गिरणीवाल्यांचं नशीबच असं, काही धरलं तरी टिकत नाही.

नशीब कसलं. घाटकोपरहून मुलुंडला बसने तासभरही लागत नव्हता.