आमचा कॅम्प

देव आपलं ऐकतो का, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यात पडला, आणि खरं सांगायचं तर उत्तर ‘नाही’ असंच मी ठरवून टाकलं होतं. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आमचे हे कारखान्याच्या यार्डात मालगाड्यांच्या शंटिंगला. पाळीवरून आले की झोपायचे, उठले की पुन्हा पाळी. शेजारी एकीकडे तेलुगू घर, दुसरीकडे पंजाबी. हसण्यापलीकडे आमचं बोलणं जात नसे. मूलबाळ नव्हतं. दुपारी एकटीसाठी पोळी लाटायची, आणि तीही अर्धी उरायची.

लग्नात आईनं दिलेली पितळेची अन्नपूर्णा देवघरात तांदळावर बसलेली असे, हातात पळी घेऊन. मी तिच्याशी चक्क भांडायची. पळी धरून बसलीस खरी, पण वाढायचं कुणाला गं? ती कसली बोलते! शेवटी मी यांना सांगून टाकलं, की आता भंडाऱ्याला भावाकडे जाते ती परत येत नाही, तुम्ही मेसमध्ये जेवा. हे कूस बदलून झोपले. त्याचाच मला जास्त राग आला.

जाण्याआधी एकदा शेवटचं करून पाहू म्हणून मी बेत काढला. यांच्या पाळीतली चार मराठी घरं मिळून शिवनाथ नदीच्या काठी आंब्याखाली तंबू ठोकायचा, एक रात्र तिथंच राहायचं. यांनी साइटवरून तंबू मागून आणला. माझी एकुलती एक मैत्रीण कमलताई पापड-लोणची आणणार होती, सतरंज्या दुसरं कुणी, स्वयंपाक माझ्याकडे. तो आठवडा माझे पाय जमिनीवर नव्हते. दूधवाली सुकवारो आली, तिलाही मोडक्यातोडक्या हिंदीत बजावलं, “इतवार को नदी पर अपना कैंप है, सब आनेवाले हैं. दूध उधरही लाना.” निघताना अन्नपूर्णेला तांदळाच्या डब्यात घातलं. मनात म्हटलं, आज माझ्या हातचं कुणी जेवलं नाही, तर तुला शिवनाथेत सोडते आणि मी माझी गाडी धरते.

सकाळी तंबू उभा राहिला. चुलीवर वरणाचं पातेलं चढलं आणि तेवढ्यात कारखान्याची जीप आली. तातडीचं काम निघालं होतं, पाळीतल्या सगळ्यांनाच बोलावणं होतं. पुरुष गेले म्हणजे बायका-मुलं कोण घेऊन येणार? सगळा बेत पाण्यात.

“चाल घरी,” हे म्हणाले. “एकटी इथं काय करून राहाशीन?”

“घरी तरी काय करते? तुम्ही जा,” मी म्हटलं. जीप गेली आणि मी रडत रडत वरण ढवळत बसले. ढवळायचं तरी कशाला, तेही कळत नव्हतं.

ऊन चढलं. वरण, भाजी झाकून ठेवली. भाताचं आधण उकळून आटत आलं, पण तांदूळ वैरायला हात उठेना. डबा उघडून अन्नपूर्णा तेवढी बाहेर काढली आणि मुठीत घेऊन पाण्याकडे निघाले. नदी उन्हाळ्यानं पार रोडावली होती. मूर्ती बुडेल एवढं पाणी शोधत मी वाळूतून चालले होते.

“ओ बाई! तिकडं कुठं चालल्या? आमाले बलावून!”

वळून पाहिलं तर झाडाखाली ही गर्दी. बायका, पोरं, डोक्यावर गाठोडी, आणि पुढे सुकवारो दुधाची कासंडी घेऊन. बोलली ती नऊवारीतली एक म्हातारी, आमच्याच भंडाऱ्याकडची, लेकाबरोबर मजुरीला आलेली. भिलाईत कॅम्प म्हणजे मजुरांची वस्ती. तंबू गेले, खोल्या आल्या, नाव तेच राहिलं. तिथंच राहणाऱ्या सुकवारोला सहलीचा कॅम्प कुठून ठाऊक असणार? बाईनं अख्ख्या कॅम्पला नदीवर बोलावलंय, असं तिनं आपल्या गल्लीत घरोघर सांगितलं होतं.

“तुमीच बलावलं नं कॅम्पवाल्याईले?” म्हातारीनं विचारलं. माझा चेहरा पाहून तिचा आवाज पडला. “का चुकलं आमचं? इथं आल्यापासून कोनी जेवाले बलावलंच नाई, बाई. म्हून साऱ्याच आलो.”

‘चुकलं’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मुठीतली पळी तळव्याला रुतत होती. मी म्हटलं, “नाही आजी, तुम्हालाच बोलावलं. बसा.”

स्वयंपाक पुरणार नाही म्हणून जीव धास्तावला होता. पण त्यांच्या गाठोड्यांतून रात्री पाण्यात भिजवलेला बासी भात निघाला, कांदे निघाले, आंब्याची चटणी निघाली. मी अन्नपूर्णा झाडाच्या बुंध्याशी ठेवली, आधणात पाणी घालून तांदूळ वैरले आणि वाढायला लागले. कुणी उपाशी उठलं नाही. भाषा निम्मी कळत होती, पण “अजून वाढ” सगळ्याच भाषांत कळतं.

संध्याकाळी हे धुळीनं माखून परतले आणि पाहतच राहिले. “या कोन?”

“आपल्याच कॅम्पच्या,” मी म्हटलं. त्यांनी हात धुतले आणि शेवटच्या पंगतीत बसले. मी भंडाऱ्याला गेले नाही.

याला कुणी चमत्कार म्हणेल, कुणी दूधवालीचा घोटाळा. मी वाद घालत नाही. मी पाहुणे माझ्या मनाने ठरवले होते. ते ठरवणं माझं काम नव्हतं, वाढणं तेवढं होतं. आता देवघरात अन्नपूर्णेपुढे हात जोडते, तेव्हा काही मागत नाही. ‘अपना कैंप’ असं मी नुसतं बोलून गेले होते. तिनं ते खरं करून दिलं.